रोजची एक गोळी: कुणासाठी आणि कशासाठी?

महिन्याच्या सामानाच्या यादीत औषधाच्या दुकानातली एक वस्तू अलीकडे हळूच येऊन बसली आहे. मल्टिव्हिटॅमिन. बहुतेक घरांत ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नसते. आखाती देशातून सुटीवर आलेले दीर किंवा मामू दोन मोठ्या बाटल्या घेऊन येतात, मेडिकलवाला "ताकदीची आहे, घेऊन तर बघा" म्हणतो, शेजारच्या खालाचे गुडघे त्या गोळीने थांबले असे कानावर येते. बाटली फ्रिजवर जाते आणि रोज सकाळी एक गोळी सुरू होते.

या लेखासाठी आम्ही ओळखीच्या काही घरांत एक साधा प्रश्न विचारला: ही गोळी घरात कोण घेते? उत्तरे जवळजवळ सारखी आली. आधी कमावता पुरुष, कारण त्याला धावपळ. मग दहावी-बारावीचा मुलगा, कारण त्याचा अभ्यास. उरली तर दादी. घरातली सून आणि वयात आलेली मुलगी या रांगेत नव्हत्याच. विचारले तेव्हा त्यांनीच हसून सांगितले, "आम्हाला काय झालंय?"

रोज मल्टिव्हिटॅमिन घ्यावे की नाही, या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हाला या रांगेत दिसते. धडधाकट, नीट जेवणाऱ्या माणसाला या गोळीचा फायदा फार थोडा आहे. ज्यांच्या शरीरात खरोखर काही कमी आहे, त्यांना बहुधा या गोळीने पुरत नाही. त्यांना नेमकी एखादी वेगळी गोळी, वेगळ्या मात्रेत लागते. आणि ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण घरात "व्हिटॅमिन चालू आहे" असे समाधान आधीच झालेले असते.

आधी धडधाकट माणसाचे बघू. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज मल्टिव्हिटॅमिन, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. दहा वर्षांहून जास्त काळ हे चालले. २०१२ मध्ये निष्कर्ष आले: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांत काही फरक नाही. कर्करोगाचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसले, म्हणजे फायदा अगदीच शून्य नव्हता, पण माफक होता. २०२२ मध्ये तिथल्याच प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने सगळे पुरावे तपासून सांगितले की, हृदयविकार किंवा कर्करोग टाळण्यासाठी मल्टिव्हिटॅमिन घ्या किंवा घेऊ नका, यातले काहीही ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. २०२४ मध्ये सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांची वीसहून अधिक वर्षांची माहिती तपासली गेली. रोज गोळी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले, असे काही त्यात आढळले नाही. साठीपुढच्या लोकांच्या स्मरणशक्तीला थोडी मदत होते असे अलीकडच्या काही चाचण्यांत दिसले आहे. ते आशादायक आहे, पण हा फरकही लहानच आहे.

"फायदा नसेल, पण तोटा तर नाही ना?" असे लगेच विचारले जाते. साध्या मात्रेच्या गोळीने सहसा तोटा होत नाही, हे खरे. पण "जीवनसत्त्व आहे, जास्त झाले तरी चांगलेच" ही समजूत फिनलंडमध्ये फार महाग पडली आहे. तिथे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटिन फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवेल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. १९९४ मध्ये आकडे हाती आले तेव्हा ती गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी तर १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली. गाजर खाणारा आणि गाजरातला एकच घटक काढून मोठ्या मात्रेत गिळणारा, या दोघांच्या शरीरात एकच गोष्ट घडत नाही. आपल्या घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर त्याच्या "ताकदीच्या" बाटलीवर बीटा-कॅरोटिन किती लिहिले आहे, ते जरूर वाचा.

आता मुंबईची एक गोष्ट. आम्हाला ती फार मोलाची वाटते, आणि ती आपल्याच आजी-पणजींची असूनही आपल्याला ठाऊक नसते.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केले. गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता, विशेषतः कापड गिरण्यांशी जोडलेल्या गरीब वस्त्यांत. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, आणि ज्या आहेत त्या नेहमीपेक्षा फुगलेल्या, मोठ्या. कितीतरी बायका त्यात दगावत. विल्स यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या बायका रोज काय खातात याची पाहणी केली. सगळ्यात निकृष्ट जेवण आणि सगळ्यात जास्त रक्तक्षय या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सापडल्या: गरीब मुसलमान बायकांमध्ये.

विल्स यांनी आधी उंदरांवर, मग माकडांवर आणि पुढे बायकांवर उपाय करून पाहिले. यकृताचा साधा, कमी शुद्ध केलेला अर्क दिला की बायका सुधारत. तोच अर्क जास्त शुद्ध केला की गुण येईनासा होई. याचा अर्थ, त्या काळात रक्तक्षयावर जो घटक प्रसिद्ध होता, तो इथे कमी नव्हता. कमी होते ते दुसरेच काहीतरी, आणि ते शुद्ध करताना गाळले जात होते. शेवटी उत्तर सापडले एका स्वस्त पदार्थात: यीस्टच्या अर्कात, जो इंग्रज लोक पावाला लावून खात. तो दिला की काही दिवसांतच रक्त वाढू लागे. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. तो अनोळखी घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिन भाषेत पानाला जो शब्द आहे, त्यावरून त्याचे नाव पडले फोलिक ॲसिड. आज जगभर प्रत्येक गरोदर बाईला दिली जाणारी ती छोटी गोळी मुंबईतल्या या कामातून पुढे आली.

विल्स यांनी त्या बायकांना "सगळेच थोडे थोडे" दिले नाही. काय कमी आहे ते शोधले आणि तेच दिले. आपल्या घरातही हेच करायचे आहे, आणि आज त्यासाठी प्रयोगशाळा उभारावी लागत नाही.

सुरुवात फोलिक ॲसिडपासूनच. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा बहुतेक बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. नळी नीट मिटली नाही तर बाळ पाठीवर उघड्या गाठीसह जन्मते, किंवा जगतच नाही. ज्यांना आधी असे बाळ झाले होते, त्यांना मोठ्या मात्रेत फोलिक ॲसिड दिले तर पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ मध्ये सात देशांतल्या चाचणीत सिद्ध झाले. म्हणून ही गोळी डोहाळे लागल्यावर सुरू करून उपयोग नाही. मूल हवे असे नवरा-बायकोने ठरवले की गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावी लागते. आधीच्या बाळात असा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिट्सचे औषध चालू असेल, तर मात्रा डॉक्टर ठरवतील. निकाहच्या तयारीत महिनोन्‌महिने कपडे-दागिन्यांची बोलणी होतात. आईने किंवा मोठ्या बहिणीने मुलीला ही एक गोष्टही तेव्हाच कानात सांगून ठेवावी.

दुसरे, लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. दम लागतो, जिना चढताना छातीत धडधडते, केस गळतात, माती किंवा खडू खावासा वाटतो, मुलगी "आळशी" झाली म्हणून घरात बोलणी खाते. आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे की मांसाहारी घरात रक्त कमी असत नाही. पण पातेल्यातून कुणाच्या ताटात काय जाते ते बघा. पाहुणे, पुरुष, मुले यांचे झाल्यावर करणारीच्या वाट्याला बहुधा रस्सा आणि एखादे हाड येते. दर महिन्याला रक्त जाते ते मात्र तिचेच.

मल्टिव्हिटॅमिनने हे भरून निघत नाही. कितीतरी गोळ्यांत लोह असतच नाही, आणि असते ते रोजच्या गरजेपुरते, झालेली झीज भरून काढण्याइतके नव्हे. त्यासाठी सरकारची लोह-फोलिक ॲसिडची गोळी आहे, तीही मोफत. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. शाळेत आणि अंगणवाडीत मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. काही वस्त्यांत अजून ऐकू येते की या गोळीने पुढे मुले होत नाहीत. ही निव्वळ अफवा आहे. उलट रक्त नसलेल्या मुलीचे पहिले बाळंतपण किती जिवावरचे असते, ते कुठल्याही सुईणीला विचारा. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, कधी बद्धकोष्ठ होते. काळ्या रंगाला घाबरून गोळी बंद करू नये. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर जेवणानंतर घ्यावी. चहा मात्र तासभर आधी नाही आणि तासभर नंतर नाही, कारण चहातला तुरटपणा लोहाला आतड्यातच अडवून धरतो. लिंबाचे सरबत किंवा आवळा बरोबर असेल तर उत्तम.

खजूर, बीट आणि डाळिंब यांच्याबद्दल थोडे स्पष्टच बोलायला हवे. ही फळे चांगली आहेत, जरूर खा. पण बीटाचा लाल रंग लोहाचा नसतो, आणि हिमोग्लोबिन ८ वर आलेल्या बाईला खजुरांच्या भरवशावर ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे. आहारातून लोह हवे तर खिमा, मटण, बाजरी, अळिवाचे लाडू, शेवग्याचा पाला यांकडे वळावे.

हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. बाई गरोदर नसेल तर १२ च्या खाली आणि गरोदर असेल तर ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी करून घ्यावी. त्यात लोहाच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. आपल्याकडे चुलत-मामे नात्यांत लग्ने होतात, आणि एका कुटुंबातले दोघेही वाहक असण्याची शक्यता जास्त असते; म्हणून ही तपासणी निकाहच्या आधी झाली तर आणखी चांगले.

बी-१२ चे गणित वेगळे आहे. ते फक्त मांस, मासे, अंडी, दूध अशा प्राणिज अन्नात असते, त्यामुळे आपल्याला कमी पडायला नको. तरीही पडते, आणि ते बहुधा वयस्क मंडळींत. उतारवयात जठरातले आम्ल कमी होते आणि अन्नातले बी-१२ सुटून येत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोजची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षे चालल्या की तिचे शोषण आणखी घटते. तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, विसरायला होते. घरचे म्हणतात, वय झाले. दादा-दादी मेटफॉर्मिनवर असतील तर बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्या. कमी निघाले तर इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी लागते. मल्टिव्हिटॅमिनमधले थोडेसे तिथे कमी पडू शकते. आणि नुसते फोलिक ॲसिड मोठ्या मात्रेत घेत राहिले तर रक्ताचा अहवाल सुधारतो, पण बी-१२ अभावी नसांची झीज आतून चालूच राहते.

ड जीवनसत्त्वाचा प्रश्न आपल्या भगिनींचा खासच आहे. ते त्वचेवर ऊन पडून तयार होते, आणि बुरखा किंवा पूर्ण कपड्यांत बाहेर पडणाऱ्या, फ्लॅटमध्ये दिवस काढणाऱ्या बाईच्या त्वचेला ऊन मिळत नाही. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाचे नसते. कमतरता वाढली की मांड्या-कमरेची हाडे दुखतात, सजद्यातून उठताना हात टेकावे लागतात, आणि बाई समजते की आपण म्हाताऱ्या झालो. घराला गच्ची किंवा आडोशाचे अंगण असेल तर परद्याची सोय बघून दुपारी हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे. ते जमत नसेल तर गोळी घेण्यात कमीपणा नाही. मात्र एक खबरदारी. दुकानात मिळणारी ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुधा आठवड्याला एक, अशी काही आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढते, उलट्या होतात आणि मूत्रपिंड बिघडू शकते. चिठ्ठीवर "आठवड्यातून" लिहिले आहे की "रोज", ते घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

परदेशातून आलेल्या बाटल्यांची मात्रा इथल्यापेक्षा वेगळी असू शकते, हेही लक्षात ठेवावे. विशेषतः अ जीवनसत्त्वाची. गरोदर बाईने दिवसाला १०,००० युनिटच्या वर ते घेतले तर बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो. कलेजीत ते भरपूर असते. म्हणून बकरी ईदला आलेली कलेजी "रक्त वाढेल" म्हणून पोटुशीला रोज खाऊ घालू नये; तिला त्याऐवजी चांगले मटण वाढावे. रक्त पातळ ठेवण्याची वॉरफेरिन चालू असेल तर के जीवनसत्त्व असलेली गोळी विचारल्याशिवाय नको. थायरॉईडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. गोड लेप असलेल्या गोळ्या मुठीने खाऊन मुले दगावलेली आहेत.

मग मुलांचे टॉनिक? जेवणाऱ्या, खेळणाऱ्या, वाढणाऱ्या मुलाला ते लागत नाही. भूक वाढवणाऱ्या काही सिरपांत ॲलर्जीचे औषध असते आणि ते मुलाला पेंगुळवते. महिन्याच्या दोन-तीनशे रुपयांत किती अंडी येतात, हा हिशेब प्रत्येक घराने आपला आपण करावा.

हलालचा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. मऊ, चकचकीत कॅप्सूल आणि मुलांच्या चघळायच्या गोळ्या बहुधा जिलेटिनच्या असतात. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. परदेशी मालात ते डुकराचेही असू शकते. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर हिरवी खूण असेल तर प्राणिज जिलेटिन नाही असे समजावे. तपकिरी खूण असेल तर जनावर कोणते ते त्यावरून कळत नाही. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. काही टॉनिकांत अल्कोहोल असते आणि त्याचे प्रमाण लेबलवर छापलेले असते. पूर्ण रूप बदललेल्या वस्तूच्या हुकमाबद्दल उलेमांची मते एक नाहीत, तेव्हा आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. सोपा मार्ग असा की कॅप्सूलऐवजी साधी दाबून बनवलेली गोळी मागावी. बहुतेक जीवनसत्त्वे त्या रूपातही मिळतात, आणि सरकारी लोहाची गोळी तशीच असते.

रमजानमध्ये गोळी अर्थातच इफ्तार ते सहेरी या वेळातच घेता येते. ड जीवनसत्त्व थोडे तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर नीट शोषले जाते, ते रात्रीच्या जेवणात घ्या. लोहाची गोळी सहेरीच्या चहाबरोबर वाया जाते. ती इफ्तारनंतर मगरिब पढून झाल्यावर, जेवणाच्या आधी, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. कॅल्शियम त्याच वेळी न घेता सहेरीला. आणि भजी तळून, दस्तरखान आवरून, सगळ्यांचे झाल्यावर जी शेवटी बसते, तिची गोळी तिला त्याआधीच कोणीतरी हातात आणून द्यावी.